लाल दिवा लागला तेव्हा : अल्टरनेटर बदलण्याचे अनुभव

आमची गाडी २००६ सालची, पेट्रोलवरची. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा आरटीओत फेरनोंदणी करून पुढची पाच वर्षं मिळवली आणि गाडी विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी आणि बाबा मुंबईहून नाशिकला येत होतो. शहापूर सोडलं आणि बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा मिणमिणू लागला. पंधराच दिवसांपूर्वी नवी बॅटरी टाकलेली. सकाळी गाडी उचलत नव्हती, तेव्हा दुकानदाराने बॅटरी गेली म्हणून सांगितलं आणि आम्ही ऐकलं. त्या नव्या बॅटरीच्या भरवशावर मी चालवत राहिले. कसारा घाटात दिवा कायमचा लागला. वायपर दमल्यासारखे फिरू लागले, हेडलाइट पिवळे पडले, मग टेप बंद झाला. बाबांनी पंखा, टेप, सगळी बटणं बंद करायला लावली. इगतपुरीत शिरता शिरता इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली. मुसळधार पाऊस, अंधार आणि शेजारी बाहत्तर वर्षांचे बाबा. ती रात्र लॉजवर काढली.

सकाळी वायरमन आला. स्वतःची बॅटरी लावून गाडी चालू केली आणि मीटर धरला : १२.२ व्होल्ट. रेस वाढवली तरी आकडा वर जाईना, हळूहळू खालीच येत होता. "ताई, बॅटरी चांगली आहे, तिला कोणी खायलाच घालत नाहीये," तो म्हणाला. डायनामो उतरवला (इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरतो तो अल्टरनेटर; आमच्याकडे त्याला अजून डायनामोच म्हणतात), तर आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, घासून नखाएवढे उरले होते. नवे कार्बन टाकले, मजुरीसकट सहाशे रुपये, दोन तासांत आम्ही घरी निघालो.

त्याला सात महिने झाले. आता बॉनेटखालून गुणगुण ऐकू येते आणि रात्री सिग्नलला उभं राहिलं की दिव्यांचा उजेड कमी-जास्त होतो. पुन्हा खोलून दुरुस्त करावा की नवा बसवावा? तुमच्या जुन्या गाड्यांचं काय झालं ते सविस्तर लिहा. बाबांना वाचून दाखवणार आहे.

— नाशिक

• • •

ताई, कोल्हापुरात तीस वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा जास्त लिहितो.

मीटर घरात असू द्या, दोन-तीनशे रुपयांत येतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. हेडलाइट आणि पंखा लावूनही १३.५ च्या खाली राहू नये. १३ देखील गाठत नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर आयसी, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय. असल्या गाडीची बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तसा वास आला तर बॉनेटपाशी काडी ओढू नका.

डायनामोला हात लावायच्या आधी स्वस्त गोष्टी बघा. डायनामो फिरवणारा बेल्ट चकाकतोय का, चिरा पडल्यात का? सगळ्यात लांब पट्ट्यावर अंगठ्याने दाबलं तर साधारण ८-१० मिलिमीटर दबावा. ढिला असेल तर सकाळी, पावसात किंचाळतो. लोक मग तो इतका आवळतात की सहा महिन्यांत बेअरिंग जातं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का? आणि किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, तो लाल दिवा लागतो का? बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणारा करंटच रोटरला, म्हणजे डायनामोच्या आत फिरणाऱ्या भागाला, पहिलं चुंबकत्व देतो. बल्ब उडाला तर धडधाकट डायनामोसुद्धा चार्जिंग सुरू करत नाही. एक रोटर, एक स्टेटर (त्याच्याभोवतीचं स्थिर वाइंडिंग) आणि डायोड प्लेट (करंट एकाच दिशेने जाऊ देणारी) असा नवा माल टाकून झाल्यावर शेवटी दहा रुपयांचा बल्ब निघालेली गाडी माझ्याकडे आलेली आहे.

आता दुरुस्ती की नवा? कार्बन, आयसी, बेअरिंग : बिनधास्त दुरुस्त करा. रोटरवरच्या तांब्याच्या रिंगांना खाच पडली असेल तर लेथवर हलका हात मारून मिळतो. तुमच्याकडे त्या दिवशी रिंगा न बघता नुसते कार्बन टाकलेले दिसतात. खाच पडलेल्या रिंगेवर नवा कार्बन टिकत नाही. स्टेटरची वायर काळी पडून जळका वास येत असेल किंवा बेअरिंग बसायची बॉडीतली जागाच खाल्ली गेली असेल, तर त्यात पैसे घालू नका, नवा घ्या.

आणि हात जोडून सांगतो, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "बघा, गाडी बंद पडते का" असं कुणालाही करू देऊ नका. ती पद्धत खऱ्याखुऱ्या डायनामोवाल्या, अल्टरनेटरच्या आधीच्या, जुन्या फियाट-अँबेसिडरच्या काळातली. तेव्हा जाळायला कंप्युटर नव्हता. आता व्होल्टेजची एक उसळी येते आणि डायोड तर जातातच, इंजिनाचा ईसीएम, म्हणजे तो कंप्युटरसुद्धा जाऊ शकतो.

— कोल्हापूर

• • •

रत्नागिरी. आमच्याकडे दोन अल्टरनेटर बदलले, दोन्ही चांगले होते. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने आतून कुजली होती, वरून वेष्टण शाबूत. नवी पट्टी टाकली त्या दिवसापासून १४.२. कोकणातल्या प्रत्येकाने आधी ती बघावी.

— रत्नागिरी

• • •

डिझेलवाल्यांसाठी लिहिते, कारण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आमची सात आसनी डिझेल गाडी, १४ वर्षांची. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरत होतो. नवरा चालवत होता, मागे सासूबाई आणि दोन्ही मुली. बॉनेटमध्ये काहीतरी फटकन आपटलं आणि लाल दिवा लागला. तो म्हणाला, चार्जिंगचा आहे, खाली जाऊन बघू. पुढची दोन वळणं ब्रेक नीट लागला. तिसऱ्या वळणाला पेडल दगडासारखं झालं. दाबलं तरी जाईना.

त्याने गडबड केली नाही म्हणून आज हे लिहिते आहे. गाडी दुसऱ्यात, मग पहिल्यात टाकली, दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गटारात चाक घालून थांबवली. सासूबाई जप करत होत्या. धाकटी उतरल्यावर रडली.

फटकन आवाज बेल्ट तुटल्याचा होता. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक हलका लागावा म्हणून असलेला व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. बेल्ट तुटला की चार्जिंग जातं आणि साठलेला व्हॅक्यूम संपला की ब्रेकची मदतही जाते. ब्रेक असतो, पण पूर्ण ताकद आपल्या पायाची लावावी लागते. आमच्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर होता. न थांबता गेलो असतो तर इंजिनही तापून बसलं असतं.

पोलादपूरला खोलल्यावर कळलं की पंपाच्या सीलमधून ऑइल झिरपून अल्टरनेटरमध्ये गेलं होतं आणि त्याच ऑइलने बेल्टही फुगला होता. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला आम्ही "ऑइल दिसतंय" म्हणून विचारलं होतं. "जुनी गाडी आहे, चालायचंच," असं उत्तर मिळालं होतं. आम्ही अल्टरनेटर, पंप, बेल्ट तिन्ही एकदम बदलले. साडेअकरा हजार गेले. आता घाट उतरण्याआधी माथ्यावर थांबून बॉनेट उघडून बघतो.

— वाई

• • •

वाईच्या ताईंचं वाचून अंगावर काटा आला. माझा प्रसंग एवढा मोठा नाही.

नागपूर, डिसेंबर. गाडी संध्याकाळी ठणठणीत, सकाळी बॅटरी झोपलेली. चार्जिंग मोजलं तर १३.९. बॅटरी बदलली, अलार्म काढला, डिकीतला बल्ब काढला, तीन आठवडे गेले. एका पहाटे, हाताची बोटं वाकत नव्हती एवढ्या थंडीत, शेजारच्या काकांनी बॉनेट उघडून सरळ अल्टरनेटरवर तळवा ठेवला. मला म्हणाले, "हात लाव." रात्रभर उभ्या गाडीत सगळं लोखंड बर्फासारखं आणि तो एकटा कोमट! डायोड फुटला होता, त्यातून रात्रभर बॅटरी उलटी वाहत होती. आठशे रुपयांची डायोड प्लेट टाकली. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले.

— नागपूर

• • •

माझा अनुभव २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी कलिन्याला गाडीत पाणी सीटपर्यंत आलं होतं. गाडी धुतली, वाळवली, इंजिन ऑइल बदललं, सुरू झाली. अल्टरनेटरकडे कुणी बघितलंच नाही. दसऱ्याच्या सुमारास घरघर सुरू झाली आणि दिवाळीत बेअरिंग जाम होऊन बेल्ट जळाला. पाण्यात बुडालेला अल्टरनेटर चालत असला तरी उतरवून, वाळवून, बेअरिंग बदलूनच परत लावा. चिखल आत राहतो.

— ठाणे

• • •

न्यू जर्सीहून. इथे मजुरीच इतकी की २०१० च्या व्हॅनचा अल्टरनेटर मी घरासमोर स्वतः बदलला. माझे वडील सांगलीत, त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "मायनस काढलास का?" म्हणजे बॅटरीची मायनसची वायर. काढला नव्हता. अल्टरनेटरच्या जाड वायरीत किल्ली बंद असतानाही करंट असतो, पाना बॉडीला टेकला असता तर ठिणग्या उडाल्या असत्या. दुसरं सांगितलं, बेल्ट काढण्याआधी त्याच्या वळणांचा फोटो काढ. इथल्या लांब नागमोडी बेल्टला सहा-सात पुल्या असतात, फोटोशिवाय मला तो कधीच बसवता आला नसता.

एक मात्र सांगतो. जुना सुटा भाग परत दिला की अनामत मिळते म्हणून मी दुरुस्त करून विकलेला स्वस्त अल्टरनेटर घेतला. दोन महिन्यांत गेला. वॉरंटीत दुसरा मिळाला, तोही सहा महिन्यांत. प्रत्येक वेळी माझा शनिवार गेला. तिसऱ्यांदा नवाकोरा घेतला, त्याला चार वर्षं झाली. कोल्हापूरच्या दादांसारखा माणूस डोळ्यांसमोर दुरुस्त करत असेल तर गोष्ट वेगळी. कुणी, कुठे, काय बदललं ते माहीत नसलेला डब्बा घेऊ नका.

— न्यू जर्सी

• • •

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एकेक अनुभव बाबांना वाचून दाखवला. आंबेनळीचा वाचून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून आमच्या गाडीचा बेल्ट बघून आले.

कालच डायनामो उतरवला. कोल्हापूरच्या दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. रिंगांना खोल खाच होती आणि नवे कार्बन अर्धे झालेले. मागचं बेअरिंग बॉडीतच सैल फिरत होतं. त्यामुळे दुरुस्ती नको, नवाच घेतला, ७,८०० रुपये. बसवण्याआधी बॅटरी रात्रभर घरच्या चार्जरवर लावली. रिकामी बॅटरी भरायला लावून पहिल्याच दिवशी नव्या अल्टरनेटरवर ताण नको, असं वायरमननेच सुचवलं. अर्थिंगची पट्टीही बदलून घेतली, रत्नागिरीकरांमुळे.

बाबांनी मीटर मागवून घेतला आहे. पेट्रोलचा हिशेब लिहायची त्यांची जुनी वही आहे, तिच्यात आता एक रकाना वाढला. आज सकाळचा आकडा : बंद १२.७, चालू १४.३.

— नाशिक