तिसरं विमानवाहू जहाज आधी, की पाणबुड्या?

खाडीकाठ (ठाणे) :
नौदलाला तिसरं विमानवाहू जहाज हवंच, असं सगळीकडे बोललं जातंय. माझा ठाम विरोध आहे. तो पैसा आधी पाणबुड्यांत घाला. आपल्या जिल्ह्याचाच इतिहास बघा. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि उल्हास खाडीच्या काठी जहाजबांधणी सुरू केली. भर होता गुराबा आणि गलबतांवर, उथळ पाण्यातही फिरतील अशा जहाजांवर. १६७९ ला इंग्रजांनी खांदेरीची नाकेबंदी केली, तरी रात्री गलबतं रसद घेऊन बेटावर पोचतच होती. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागीच खिळायची, आपले लोक वल्ही मारत निसटायचे. बलाढ्य शत्रूशी असंच लढावं लागतं. आज चीन बलाढ्य आहे, आणि त्याला धाक वाटेल तो पाण्याखालच्या, न दिसणाऱ्या शत्रूचा.

सीवूड्सवाला (नवी मुंबई) :
खांदेरीवर थांबू नका, १७५६ पर्यंत या. तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या आडोशाला एकत्र नांगरलेलं होतं. इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या ताफ्याने तोफा डागल्या, एका जहाजाने पेट घेतला आणि आग पसरत सगळं आरमार जळालं. भर समुद्रात शत्रूला गाठता आलं नाही की तो आपल्या दारात येतो. न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या कितीतरी कंटेनरांची वाट तांबड्या समुद्रातून जाते, तिथे येमेनच्या हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर कसे हल्ले केले ते पाहिलंत ना? आणि १९७१ ला आपली जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात नसती, तर चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ला करणारी सी हॉक विमानं उडाली कुठून असती?

खाडीकाठ :
विजयदुर्ग पडला तेव्हा पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती. हे गाळून तो प्रसंग सांगताच येत नाही. घर फुटलं, म्हणून आरमार गेलं. आणि नौदल दिन ४ डिसेंबरला का असतो? १९७१ ला त्या रात्री कराचीवर ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र बोटी गेल्या. घेतल्या होत्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी. पल्ला इतका कमी की बराचसा रस्ता त्यांना ओढत न्यावं लागलं! पाचच दिवसांनी आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली, ती एका पाकिस्तानी पाणबुडीमुळे. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. एक पाणबुडी काय करू शकते, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

दिवाळेकर कोळी :
दोघंही लांबच्या पाण्यावर वाद घालताय. २००८ ला अतिरेकी आले ते ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी बोटीतून. नंतर आम्हाला बायोमेट्रिक कार्डं मिळाली, राज्यवार बोटींचे रंग ठरले. पण अनोळखी बोट पहिल्यांदा दिसते ती जाळं ओढणाऱ्यालाच. आमच्या पोरांना नौदलात आणि तटरक्षक दलात जास्त घ्या. भरती-ओहोटी आणि वारा त्यांना शिकवावा लागत नाही. पैसा खर्चायचाच तर आधी इथे खर्चा.

सीवूड्सवाला :
दादा, तुमची मागणी शंभर टक्के रास्त. पण खाडीकाठ, पाणबुड्या येतच आहेत. ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली, माझगाव डॉकमधली कलवरी वर्गातली सहावी. विमानवाहू मात्र दोनच, ‘विक्रमादित्य’ आणि नवी ‘विक्रांत’. त्यातलं एक दुरुस्तीला गोदीत गेलं की दुसरं अरबी समुद्रात ठेवायचं की बंगालच्या उपसागरात? याचं उत्तर द्या, मग पाणबुड्यांचं बोलू.