कौन्सिलनं परवानगी दिली, तरी कोर्टात जायचं का?

क्रॉयडनकर: इंग्लंडमधल्या सरे काउंटी कौन्सिलनं, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेनं, 2019 मधे गॅटविक विमानतळाजवळ हॉर्स हिलला तेलाच्या विहिरी वाढवायला परवानगी दिली. सॅरा फिंच म्हणून तिथल्याच भागातल्या बाई कोर्टात गेल्या, हायकोर्टात हरल्या, अपिलात हरल्या आणि जून 2024 ला सुप्रीम कोर्टात 3 विरुद्ध 2 नी जिंकल्या, परवानगी रद्द. का, तर पर्यावरण अहवालात विहिरीच्या जागेवरचा साधारण 1 लाख 40 हजार टन कार्बन धरला, पण तेच तेल जाळल्यावर निघणारा 1 कोटी टनांच्या वरचा धरलाच नाही! हा हक्क राहिलाच पाहिजे.

रेडिंगकर: नाही पटत. पावणेपाच वर्षं गेली की त्यात. आणि तेलाचं सोडा, घरांचं काय? आम्ही ज्या फ्लॅटसाठी नाव दिलेलं त्या प्लॉटवर एकानं असंच चॅलेंज टाकलं, काम बंद, आम्ही दीड वर्ष भाडं भरतोय, शेवटी केस फेटाळली. ते भाडं कोण परत देणार? कौन्सिलच्या वकिलाचे पैसे पण आपल्याच कौन्सिल टॅक्समधून जातात.

क्रॉयडनकर: तुमचं नुकसान झालं हे खरंच वाईट झालं. पण हे बघा, परवानगी नाकारली तर बिल्डरला सरकारी इन्स्पेक्टरकडे अपील आहे, दिली तर शेजाऱ्याला अपीलच नाही, फक्त ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून घेतला का एवढंच कोर्ट बघणार, तोही 6 आठवड्यांत मागायचा. आमच्या गल्लीत दिव्याच्या खांबाला पिवळी नोटीस बांधलेली, प्लास्टिकमधे पाणी शिरून शाई फुटलेली, हरकतीची शेवटची तारीख वाचायला मी मोबाईलचा टॉर्च मारला तरी 3 का 8 कळेना. असं असतं आमच्यापर्यंत पोचणं.

लीड्सवाली: कोर्टानं तेल काढू नका असं म्हटलेलंच नाहीये, आधी सगळं मोजा मग ठरवा एवढंच म्हटलंय, नवीन अहवाल देऊन परत परवानगी मागता येतेच. उत्तर इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनच्या कोळसा खाणीला तर मंत्र्यांनी परवानगी दिलेली, ती पण सप्टेंबर 2024 ला याच निकालाच्या आधारावर गेली.

रेडिंगकर: परत मागता येते म्हणजे परत तेवढीच वर्षं ना? कोर्टात जायला 6 आठवड्यांची मुदत आहे तशी निकालालाही 6 महिन्यांची घाला, मग माझी तक्रार नाही.

क्रॉयडनकर: मान्य, एकदम मान्य. फक्त बिल्डरला आहे तसं साधं अपील आम्हालाही द्या, निम्मे लोक कोर्टाची पायरी चढणारच नाहीत.