ल्युसिंडा विल्यम्स ऐकायचीय, कुठून सुरुवात करू?

रानवाट:
मंडळी, परवा रात्रीच्या बसमध्ये हेडफोन लावून पडले होते आणि आपोआप पुढचं गाणं लागलं, बाईचा आवाज असा खरखरीत, जड, शब्द ओढून ओढून म्हणणारा, झोपच उडाली. नाव बघितलं तर ल्युसिंडा विल्यम्स. मी बॉब डिलन थोडाफार ऐकलाय, बाकी कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण ढंगाचं संगीत) वगैरे काहीच नाही. कुठला अल्बम आधी ऐकू? आणि बाईंबद्दलही सांगा ना.

निळी_सायकल:
डोळे मिटून 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड', १९९८ चा. आधीचा अल्बम १९९२ चा, म्हणजे मध्ये सहा वर्षं गेली. ऑस्टिनला रेकॉर्ड केला, मनासारखा झाला नाही म्हणून कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला गायक-निर्माता स्टीव्ह अर्लबरोबर परत केला आणि मग लॉस एंजेलिसला पूर्ण केला, त्यात वर्षानुवर्षांचा गिटारवाला साथीदारसुद्धा सोडून गेला. लोक हट्टी म्हणायचे, पण ऐकल्यावर कळतं बाईंना काय हवं होतं ते. या अल्बमला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार, मिळाला तेव्हा बाईंचं वय ४६.

टायटल साँग मात्र शब्द समोर ठेवून ऐका. स्वयंपाकघरात रेडिओ चालू, कॉफीचा वास, मग सामान भरून निघायचं, आणि गाडीत मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं पोर खिडकीबाहेर बघतंय, गालावर धूळ आणि आसवं. वडील मिलर विल्यम्स कवी आणि प्राध्यापक, नोकरीपायी सतत गाव बदलायचे. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत त्यांनी हे गाणं ऐकलं आणि नंतर येऊन लेकीची माफी मागितली, ते पोर म्हणजे तीच हे त्यांना लगेच कळलं होतं. तिला स्वतःला तोवर ते जाणवलं नव्हतं! मला हे आठवलं की अजून गलबलून येतं.

माजघर:
मी १९८८ चा 'ल्युसिंडा विल्यम्स' आधी सांगेन. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचं म्हणणं काय, तर लॉस एंजेलिसवाल्यांना ही फार कंट्री वाटायची आणि नॅशव्हिलवाल्यांना फार रॉक, शेवटी रफ ट्रेड या इंग्लंडच्या पंकवाल्या कंपनीने अल्बम काढला. त्यातलं 'पॅशनेट किसेस' पुढे कंट्री गायिका मेरी चॅपिन कार्पेंटरने गायलं आणि १९९४ ला गीतकार म्हणून ल्युसिंडाला पहिलं ग्रॅमी मिळालं. मागणं किती साधं आहे बघा त्या गाण्यात, बरं अंथरूण, पोटभर जेवण, लिहायला निवांत वेळ आणि प्रेम, आणि हे सगळं मला का मिळू नये असं ती ठणकावून विचारते.

रानवाट:
दोन्ही ऐकले. 'ड्रंकन एंजल' तीनदा लावलं. ते खऱ्या माणसावर आहे का?

निळी_सायकल:
हो, ब्लेझ फोली, ऑस्टिनचा गायक, १९८९ मध्ये गोळी लागून गेला. बुटांना चिकटपट्टी लावून फिरायचा, ते गाण्यातही आहे. आता याच धर्तीवर 'पिनिओला' ऐका, पण एकटं असताना.

माजघर:
आणि २०२३ चा 'स्टोरीज फ्रॉम अ रॉक अँड रोल हार्ट' सोडू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये बाईंना स्ट्रोक आला, डावी बाजू गेली, चालणं नव्याने शिकावं लागलं. गिटार वाजवता येईना, तरी बँड मागे उभा करून नुसत्या माइकसमोर गायला लागल्या. आवाज तोच आहे.