यूएफडब्ल्यूत डिनाय, तरी पोर्ट 5432 जगाला उघडा: दोष कुणाचा?

सीताबर्डी_अ‍ॅडमिन: इथल्या एका क्लासचा सर्व्हर. पोस्टग्रेस (डेटाबेस) डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या कंटेनरमध्ये. यूएफडब्ल्यूत (लिनक्सची फायरवॉल) 5432 फक्त ऑफिसच्या आयपीला, बाकी सगळ्यांना डिनाय. तरी घरच्या नेटवरून बिनधास्त कनेक्ट होतं. फायरवॉल बिघडली म्हणून बोंब उठली. माझ्या मते बिघडलेलं काही नाही. पॅकेट आलं की आधी प्रीराउटिंग, म्हणजे रस्ता ठरण्याआधीचा टप्पा. तिथे डॉकरचा डीनॅट रूल पॅकेट जायचा पत्ता बदलून कंटेनरचा 172.17.0.2 करतो आणि राउटिंगचा निर्णय त्यानंतर होतो. आता पॅकेट या मशीनचं उरलंच नाही, म्हणून ते फॉरवर्ड चेनला (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या रूलयादीला) जातं. तिथेही डॉकरचे रूल यूएफडब्ल्यूच्या आधी. तुमचा डिनाय इनपुटमध्ये (या मशीनसाठीच आलेल्या पॅकेटांच्या यादीत), त्याला पॅकेट दिसतच नाही. 2001 च्या लिनक्स 2.4 कर्नलपासून हाच रस्ता आहे. एवढं वाचल्याशिवाय सर्व्हर नेटवर टाकूच नये.

वऱ्हाडी_रूट: काऊन भाऊ? स्टेटसमध्ये डिनाय दिसून राहिला अन् पोर्ट सताड उघडा, मग तो स्टेटस दाखवता कशाले? क्लासच्या सरनं कर्नल वाचावा का? डॉकरमध्ये 5432:5432 (मशीनचा पोर्ट:कंटेनरचा पोर्ट) लिहिलं की सगळ्या इंटरफेसवर उघडते. डिफॉल्ट 127.0.0.1, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता, पायजे होता.

सीताबर्डी_अ‍ॅडमिन: मग "बाहेरून साइट दिसत नाही" म्हणून तुम्हीच ओरडला असता.

मनीषनगर_पॅकेट: "डॉकर-यूजर चेनमध्ये रूल टाका" हा सल्ला सगळे देतात (ही फॉरवर्डमधली, आपले रूल टाकायची डॉकरची चेन), पण तिथवर पोर्टही बदललेला असतो. मॅपिंग 8080:80 असेल तर 8080 अडवणारा रूल जन्मात जुळणार नाही. तिथे 80 लिहावा लागतो, किंवा कॉनट्रॅककडून (कनेक्शनची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग) मूळ पोर्ट विचारावा लागतो. मी मँगल टेबलच्या प्रीराउटिंगमध्येच, डीनॅटच्या आधी, ड्रॉप करतो. एनएफटेबल्समध्ये (लिनक्समध्ये हे रूल लिहायची नवी पद्धत) प्रायॉरिटी उघड दिसते: मँगल -150, डीनॅट -100, फिल्टर 0. लहान आकडा आधी.

वऱ्हाडी_रूट: घ्या! हे सोपं हाय म्हणता? बाप्पा, माणसानं डिनाय लिहिलं तर डिनाय झालं पायजे. रस्ता कुठून जाते ते टूलनं पाहावं.

सीताबर्डी_अ‍ॅडमिन: टूलने तुमचा डिनाय फॉरवर्डलाही आपणहून लावला, तर त्याच मशीनवरचा व्हीपीएन मरेल. तेव्हा दोष कुणाला देणार? असो, तुमच्या म्हणण्याप्रमाणे 127.0.0.1:5432:5432 करून कंटेनर परत उठवला. आता ऑफिसमधून रिपोर्ट निघत नाही म्हणून फोनवर फोन.

वऱ्हाडी_रूट: मग मॅपिंग परत 5432:5432 करा अन् डॉकर-यूजरमध्ये ऑफिसचा आयपी सोडा ना, बाकी ड्रॉप. रूलमध्ये बाहेरचा इंटरफेस लिहाले विसरू नका, नाहीतर कंटेनरचं आपसातलं बोलणं बी बंद.