बिली हॉलिडेची माती कुणी केली?

सारंग_पुणे: "अमेरिकेची जॅझ गायिका बिली हॉलिडे, तिने स्वतःच्या हाताने आयुष्याची माती केली, 'लेडी डे ॲट इमर्सन्स बार अँड ग्रिल' या नाटकात तेच तर दाखवलंय," असं कालच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. नाटक घडतं मार्च १९५९ मध्ये, फिलाडेल्फियातल्या एका फुटकळ बारमध्ये. एवढी मोठी गायिका तिथे का गाते? अमली पदार्थांसाठी झालेल्या १९४७ च्या शिक्षेनंतर न्यूयॉर्कने तिचं कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबात गाण्याचा परवाना, काढून घेतलं. दारू मिळते त्या क्लबात गायला बंदी! १९४८ ला तिच्या गाण्याला कार्नेगी हॉलसारखं मोठं सभागृह तुडुंब भरलं, पण पोट क्लबांवरच चालायचं.

मुद्देसूद: पोस्ट माझी आहे. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकचंही कार्ड १९५१ ला गेलं. ५७ ला मिळाल्यावर त्याने न्यूयॉर्कचा फाइव्ह स्पॉट क्लब गाजवला. नाटकात बिली आत जाऊन येते तेव्हा हातमोजा खाली घसरलेला असतो, नशेच्या सुयांचे व्रण दिसतात. ते काय कार्डामुळे झाले?

सारंग_पुणे: मंकला परत मिळालं, बिलीला अखेरपर्यंत नाही. फरक तिथेच आहे.

न्यूजर्सीकर: मी हे नाटक २०१४ ला ब्रॉडवेच्या सर्कल इन द स्क्वेअर थिएटरमध्ये पाहिलं. मधोमध बारसारखी टेबलं मांडली होती. बिली झालेल्या ऑड्रा मॅकडॉनल्डचा मूळ आवाज ऑपेराच्या तालमीतला, पण तिथे बिलीचा चिरका, मागे रेंगाळणारा स्वर हुबेहूब! अमेरिकन रंगभूमीचं टोनी पारितोषिक तिला सहाव्यांदा उगाच नाही मिळालं.

मुद्देसूद: हुबेहूब म्हणजे नक्कलच ना? 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावेंना आनंद भाटेंचा आवाज दिला, तेच योग्य. नटाने नटाचं काम करावं.

न्यूजर्सीकर: सिनेमात चालतं हो ते. रंगभूमीवर गाणाऱ्या बाईची भूमिका स्वतः न गाता? आपल्या संगीत नाटकवाल्यांनी हाकलून दिलं असतं!

मुद्देसूद: संगीत नाटकात नट स्वतःच्या गळ्याने गायचे, दुसऱ्याच्या नाही.

गिरगावची: नक्कल-बिक्कल राहू द्या. माझी मावशी ऑर्केस्ट्रात गायची. कार्यक्रम संपला की ती कुणाच्या गाडीतून घरी गेली याचीच चर्चा, आवाजाबद्दल चकार शब्द नाही. पैसे बुडवणाऱ्या मॅनेजरला कुणी नावं ठेवली नाहीत. तुम्हाला नाटकभर व्रणच दिसले? आर्टी शॉच्या गोऱ्या वादकांच्या बँडबरोबर फिरताना बिलीला, काळी म्हणून, संडासही वापरू दिला नाही, तो प्रसंग त्याच नाटकात आहे!

मुद्देसूद: ताई, मावशींचं वाईट वाटलं, पण तो पुरावा नव्हे.

सारंग_पुणे: मग हा घ्या. १९५९ च्या जूनमध्ये बिलीला इस्पितळाच्या खाटेवर अटक केली, खोलीबाहेर पोलीस बसवले. १७ जुलैला गेली. वय ४४.

मुद्देसूद: पोलिसांचं मान्य. व्यसनाचं नाही. आणि भाटेंबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही.