नववीतल्या पोराला वाचायला काय देऊ?

रंकाळाकाठ: पोरगं नववीत. इतिहासात मार्क बरे पडतात, म्हणून गप्प होतो. परवा सहज विचारलं, १९०२ ला काय झालं? "शाहू महाराजांनी ५० टक्के आरक्षण दिलं." का दिलं? तर म्हणतोय, "ते उत्तरात नाही." रोज आपल्या कोल्हापूरच्या दसरा चौकातनं सायकल मारत शाळेला जातो ओ हा! वाढदिवसाला 'मृत्युंजय' दिली, तर विसाव्या पानावर केएमटी बसचं तिकीट घातलेलं तसंच आहे. आणि त्याच्या आईचं म्हणणं, परीक्षा होऊ दे, मग काय वाचायचं ते वाच. सुचवा काहीतरी.

पेठेतला मास्तर: "उत्तरात नाही" हे वर्गात रोज ऐकतो. त्याला दसरा चौकातच उतरवा आणि बोर्डिंगं दाखवा. खेड्यातलं पोर शिकायला आलं तर राहणार कुठं, जेवणार कुठं? म्हणून १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजाची वसतिगृहं उभी करायला घेतली. २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांचा जाहीरनामा निघाला. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण मात्र १९१७ चं. मग त्याला विचारा, नोकऱ्या आधी आणि शाळेची सक्ती १५ वर्षांनी, असं उलटं का?

तांबडापांढरा: मास्तर, तुम्ही पण पेपरच काढलासा की! टाऊन हॉलच्या म्युझियमला न्या त्याला. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती आहे तिथं. तिकडं ग्रीसचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठाला आला कसा? आमच्या पोरीनं घरी येऊन स्वतःहून नकाशाचं पुस्तक काढलं. आम्ही कधी सांगितलं नव्हतं.

जुनी वाचक: 'मृत्युंजय' वाईट नाही, दार चुकलंय. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहाजण आपापल्या तोंडानं सांगतात त्यात. शोणापासून वाच म्हणावं. धाकट्याला थोरला कसा दिसतो ते नववीतल्या पोराला लगेच कळतं. (लिहिणारे शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, हेही सांगा.) आणि करवीर नगर वाचन मंदिरात सभासद करा. १८५० चं आहे, मुंबई विद्यापीठाच्याही आधीचं. पुस्तक त्यालाच निवडू दे, भुताखेताचं निवडलं तरी तोंड वाकडं करू नका. वहिनींना म्हणावं, जेवणानंतर पंधरा मिनिटांनी परीक्षा बुडत नाही.

रंकाळाकाठ: काल थांबलो चौकात. भेळ खाता खाता म्हणाला, "शिकून नोकरीच मिळणार नसंल तर शिकंल कोण?" मास्तर, बरोबर आहे काय?

पेठेतला मास्तर: बरोबर आहे की! जाहीरनाम्यातच ते कारण दिलंय. उच्च शिक्षणाची फळं फार थोड्यांच्या वाट्याला येतात, म्हणून मागास वर्ग मागं राहिलेत, असा त्याचा आशय आहे. मजकूर छोटा आहे. आता तो त्यालाच शोधायला लावा, तुम्ही आणून देऊ नका.