मदत हवी आहे: वाटणीच्या कागदात 'हॉचपॉट' म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी, खानापूरकडच्या आमच्या शेताच्या वाटणीचा दावा बेळगाव कोर्टात चालू आहे, त्यात लिहिलंय की बाबांनी स्वकमाईची जमीन 'कॉमन हॉचपॉट'मध्ये टाकली. डिक्शनरीत बघितलं तर मूळ शब्द जुना फ्रेंच, हलवणं अधिक भांडं, म्हणजे सगळं एकत्र ढवळून केलेलं कालवण, आणि हॉचपॉच त्यातूनच आलं. पण कायद्यात म्हणे अशी जमीन कुटुंबाची सामाईक व्हायला स्वतःचा वेगळा हक्क सोडायचा इरादा स्पष्ट दिसावा लागतो, नुसतं भावाभावांनी मिळून जमीन कसली म्हणून ती सामाईक होत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतंय. आईला हे मराठीत समजवायचंय, कागद सगळे कन्नड नाहीतर इंग्रजीत. आपल्याकडच्या जुन्या मराठी वाटणीपत्रांत याला काय लिहायचे? कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, तडजोडीवर सही करायच्या आधी तिला नीट कळायला पाहिजे.